पाण्यात उभा राहणारा रणगाडा

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश चर्चिल आर्कला तोफ नाही, बुरूजही नाही. कारखान्यातून रणगाडा म्हणून बाहेर पडलेलं हे वाहन पुढे फौजेच्या वर्कशॉपमध्ये गेलं. तिथे त्याचा बुरूज उतरवला, राहिलेल्या गोल भोकावर पोलादी पत्रा बसवला आणि पुढे-मागे रॅम्पची एकेक जोडी बिजागरीवर चढवली. त्याचं काम एकच. नदीत किंवा खंदकात स्वतः उतरायचं, मधोमध उभं राहायचं, दोन्हीकडचे रॅम्प काठांवर टाकायचे आणि मागून येणाऱ्या रणगाड्यांना आपल्या अंगावरून पलीकडे जाऊ द्यायचं. रणगाड्यांची छोटी मॉडेल करणाऱ्यांची गर्दी टायगर, पँथर आणि शर्मन या नावाजलेल्या रणगाड्यांभोवती असते. मला ओढ लागली ती या बिनतोफेच्या वाहनाची, आणि ती लावली एका मराठी शिपायाने.

नामदेव जाधव हे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे, ५ मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीतले कंपनी रनर, म्हणजे निरोप पोहोचवणारे शिपाई. ९ एप्रिल १९४५ला इटलीत सेनिओ नदी ओलांडताना त्यांची तुकडी पलीकडच्या बांधावरच्या मशीनगनच्या माऱ्यात सापडली. दोन जखमी साथीदारांना त्यांनी एकामागून एक खोल पाण्यातून, चढ चढून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून परत आणलं. मग पुन्हा जाऊन मशीनगनची ठाणी मोडली. हाताला गोळी लागल्यावर टॉमीगन टाकून ते हातबाँबवर आले. शेवटी बांधावर उभं राहून त्यांनी मराठ्यांची युद्धगर्जना केली आणि उरलेल्या कंपन्यांना हात करून पुढे बोलावलं. या कामगिरीसाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आपल्याकडे ही हकिगत नेहमी तिथेच थांबते. मला पुढचा प्रश्न पडायचा. पायदळ पोहून, चालून, होड्यांतून पलीकडे गेलं. पण शत्रूचे रणगाडे अंगावर आले तर या पायदळाच्या पाठीशी कोण? सेनिओला दोन्ही बाजूंनी पुराचे बांध आहेत, सहा-सात मीटर उंच. रणगाड्याला ते बांध चढून पाण्यात उतरणं आणि पलीकडे वर येणं जमत नाही. ८व्या भारतीय डिव्हिजनच्या मदतीला असलेल्या नॉर्थ आयरिश हॉर्स रेजिमेंटचे चर्चिल रणगाडे १० एप्रिलला सेनिओ पार झाले ते आर्कवरून. म्हणजे ज्या नदीत जाधव छातीभर पाण्यातून जखमींना घेऊन आले, त्याच नदीत दुसऱ्या दिवशी हे वाहन पूल होऊन उभं होतं. हे वाचलं आणि ठरवलं, की १/३५ स्केलमध्ये आर्क करायचा, आणि तो सेनिओतच उभा करायचा.

मी वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये ड्रॉइंगचं काम करतो. दिवसभर प्लेटा, चॅनेल, वेल्डिंगची चिन्हं. घर दांडिया बाजारात. मॉडेलचं टेबल मागच्या खोलीत खिडकीशी. शॉपमधलं काम आणि घरातला हा नाद यांत फरक फक्त मापाचा आहे असं मला वाटतं, आणि म्हणूनच अभियांत्रिकी वाहनं मला जवळची वाटतात. त्यांच्यावरची प्रत्येक कडी, प्रत्येक ब्रॅकेट कुणीतरी कशासाठी तरी लावलेली असते.

आधी फोटो गोळा केले. आर्कचा एकच नमुना नव्हता. इंग्लंडमध्ये ७९व्या आर्मर्ड डिव्हिजनसाठी केलेला वेगळा, इटलीतला वेगळा. इटलीतल्या आर्कला सुरुवातीला ‘ऑक्टोपस’ म्हणत. तो तिथल्याच फौजी वर्कशॉपांमध्ये, हाताशी असलेल्या जुन्या चर्चिलांपासून आणि अमेरिकन ट्रेडवे पुलाच्या सुट्या भागांपासून तयार झाला. इंग्लंडच्या नमुन्यात हलच्या, म्हणजे रणगाड्याच्या धडाच्या, वर स्वतंत्र ट्रॅकवे (गाडी जायच्या पट्ट्या) टाकलेले. इटलीच्या नमुन्यात ते नाहीत. तिथे चर्चिलच्या स्वतःच्या साखळ्याच रस्ता झाल्या. चर्चिलची साखळी बहुतेक रणगाड्यांसारखी बाजूला दबून राहत नाही, ती हलच्या पूर्ण वरून फिरते. वरचे मडगार्ड काढले की पुढून मागपर्यंत सलग दोन पट्टे उघडे पडतात, खालून भक्कम आधार असलेले. ज्याने पहिल्यांदा हे हेरलं त्या माणसाला माझा मनापासून सलाम. नवीन काही न बनवता, आहे तेच उलगडून त्याने पूल काढला.

मॉडेलचा संच घेतला तैवानच्या एएफव्ही क्लबचा, चर्चिल मार्क ३ या मूळ रणगाड्याचा. बुरूज बाजूला ठेवून दिला. चर्चिलला प्रत्येक बाजूला अकरा चाकं, आणि या संचात प्रत्येक चाकाला धातूची खरी स्प्रिंग आहे. बरेच जण ती चाकं सरळ चिकटवून मोकळे होतात. तोफेचा साधा रणगाडा सपाट पाटावर ठेवायचा असेल तर त्यात काही बिघडत नाही. पण माझा आर्क नदीच्या ओबडधोबड तळावर बसणार होता. एका बाजूचं चाक दगडावर चढलेलं, दुसरं गाळात खाली गेलेलं, असं दिसायला स्प्रिंगा मोकळ्या हव्यात. चिमट्यात धरून त्या बसवणं हे चिकाटीचं काम आहे. एक सुटली की खोलीच्या कोपऱ्यात जाते. साखळ्यांसाठी एकसंध रबरी पट्टा नको होता. इथे साखळी हाच रस्ता, म्हणून सुट्या कड्यांचा वेगळा संच मागवला. तो महाग पडला, त्यावर कस्टमचीही भर पडली, पण या मॉडेलमध्ये पैसे कुठे घालायचे तर तिथेच.

बुरुजाच्या भोकावरचा पत्रा हा माझ्या आवडीचा भाग. हे काम फौजी वर्कशॉपमध्ये घाईत झालेलं आहे, कारखान्यात नाही. तिथला वेल्ड एकसारखा नसणार. आमच्या शॉपमध्ये नवा मुलगा आणि जुना वेल्डर यांच्या शिवणीतला फरक मी लांबून ओळखतो, आणि मला इथे हात बसलेल्या पण वेळ नसलेल्या माणसाची शिवण हवी होती. रीत अशी: संचाच्या चौकटीतली प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर तापवून ताणायची, केसाइतकी बारीक झाली की पत्र्याच्या कडेने चिकटवायची. वरून प्लास्टिक जोडायच्या पातळ सिमेंटचा हलका हात फिरवायचा. प्लास्टिक मऊ झालं की सुईच्या टोकाने पाव मिलिमीटरच्या अंतराने तिरपे ठसे उठवत जायचं. ठसे सगळे एका दिशेने झुकलेले हवेत, कारण वेल्डरचा हात एकाच दिशेने चालतो. जिथे त्याने रॉड बदलला असेल तिथे थोडा फुगवटा. ही शिवण भिंगाखाली पाहिली तर तिच्यात माणूस दिसतो, आणि नुसत्या डोळ्यांनी ती जाणवतसुद्धा नाही. तरी ती करायचीच.

रॅम्पसाठी तयार काही नव्हतं. ट्रेडवे म्हणजे पोलादी, खोलगट पट्टी. दोन्ही कडांना उभे काठ, म्हणजे चाक किंवा साखळी घसरून बाहेर जात नाही, आणि तळाला पकड मिळावी म्हणून आडव्या पट्ट्या. लांबी साधारण पावणेचार मीटर, म्हणजे १/३५ला साडेदहा-अकरा सेंटिमीटर. अशा चार. पुढे दोन, मागे दोन. ओळखपत्रं छापायला वापरतात ती पीव्हीसीची कोरी शीट छपाईवाल्याकडून आणली. ती सरळ कापली जाते, वाकत नाही, स्वस्त आहे. तिला प्लास्टिकचं सिमेंट धरत नाही, तिथे फेविक्विकच लागतं. आडव्या पट्ट्या एकाच जाडीच्या कापायला दोन ब्लेडं मधे पत्र्याचा तुकडा ठेवून टेपने बांधली, म्हणजे एका फटक्यात एक पट्टी. चारही ट्रेडवेंचे काठ मी अगदी सरळ ठेवले नाहीत. युद्धात वापरलेलं लोखंड कुठेतरी दबलेलं असतं, विशेषतः टोकाला, जिथे चढणाऱ्या रणगाड्याचा पहिला धक्का बसतो. पीव्हीसी गरम चमच्याच्या पाठीने दाबलं की तशी वाकडी कडा येते.

इथपर्यंत आलो आणि शेजारच्या काकांना दाखवलं. काका बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे फौजेच्या अभियांत्रिकी दलातून, सुभेदार होऊन निवृत्त झाले. खडकीचं ट्रेनिंग, पुढची सगळी नोकरी पूल आणि सुरुंग यांत गेलेली. त्यांनी रंगाकडे, वेल्डकडे, स्प्रिंगांकडे पाहिलंही नाही. थेट रॅम्पला हात घातला.

“हा उघड.”

मी रॅम्प खाली सोडला.

“काठ किती उंच धरलायस?”

मी सांगितलं.

“आणि वरून कोण जाणार?”

“चर्चिलच, काका. चाळीस टनांच्या आसपास.”

“मग बिजागरीपाशी बघ. रॅम्प चढून गाडी सपाटीवर येते तिथे पोट घासेल का? चढ जास्त झाला तर ती तिथे डोलते. ड्रायव्हरला त्या क्षणी समोर फक्त आभाळ दिसतं, जमीन दिसत नाही. असा पूल मी लावला असता तर आमच्या साहेबांनी मला उलटा टांगला असता.”

हे ऐकून मी घरातला दुसरा, साधा चर्चिल आणला आणि आर्कवरून हाताने चढवून पाहिला. काका बाजूला बसून कोन बघत होते. बिजागरीचा टप्पा ठीक होता. पण रॅम्पचं टोक काठावर नुसतं टेकलेलं चालणार नाही, ते मातीत रुतलेलं हवं, आणि रुतण्याआधी सॅपर्सनी तिथली माती तासून घेतलेली हवी, असं त्यांचं म्हणणं पडलं. “गाडी चढली की रॅम्प मागे सरकायला बघतो. मातीने त्याला धरलं पाहिजे.” मॉडेलची मुळं जमिनीत असतात हे तेव्हा मला नीट समजलं, आणि त्या संध्याकाळपासून मी आधी पाटाचा नकाशा काढला, मग वाहनाला हात लावला.

केबल हा त्यानंतरचा मोठा टप्पा. आर्क नदीकडे येतो तेव्हा रॅम्प वर उभे असतात, खांबांवरून गेलेल्या तारेच्या दोरांनी पेललेले. जागेवर पोहोचल्यावर ते सोडले जातात. माझ्या देखाव्यात रॅम्प पडलेले आहेत, म्हणजे दोर सैल झालेले, हलवर आणि पाण्यात लोंबणारे. ताणलेला दोर करणं सोपं, सैल दोर करणं अवघड. दोरा वापरला तर तो हलका असल्यामुळे हवेत तरंगतो, पोलादासारखा जड पडत नाही. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून बारीक तांब्याची तार आणली. तिचे पदर एकत्र करून एक टोक खिळ्याला, दुसरं हँड ड्रिलच्या चकमध्ये, आणि हळूहळू पीळ. जास्त पीळ दिला की तार गाठाळते, कमी दिला की पदर सुटतात. नवरात्रीचे दिवस होते, बाहेर गरब्याचे ढोल चाललेले, आणि मी ड्रिलचा दांडा फिरवत बसलेलो. पीळ झाला की तार गॅसच्या निळ्या ज्योतीवरून एकदा झटकन फिरवायची, लाल व्हायच्या आत बाहेर. तांबं नरम पडतं, आणि मग तार जशी ठेवाल तशी आपल्या वजनाने पडल्यासारखी बसते. काळ्या-करड्या रंगाचा पातळ हात, वर ग्रॅफाइटची पूड बोटाने चोळायची. पेन्सिलची पूडही चालते. पोलादाची ती तेलकट चमक दुसऱ्या कशानेच येत नाही.

रंगाबद्दल थोडक्यात. ब्रिटिश फौजेने एप्रिल १९४४मध्ये एससीसी २ हा तपकिरी रंग बदलून एससीसी १५ हा ऑलिव्ह ड्रॅब आणला. जुन्या चर्चिलपासून केलेल्या आर्कवर वरून हिरवा आणि खरवडलं तिथे खाली तपकिरी, असं मी धरलं. आधी तपकिरी मारला, त्यावर हेअर स्प्रे, त्यावर ऑलिव्ह ड्रॅब. मग ओल्या ब्रशने घासलं की वरचा रंग ठिकठिकाणी निघतो. ट्रेडवे मात्र अमेरिकन, वेगळ्या हातचे, म्हणून त्यांची हिरवी छटा मुद्दाम वेगळी ठेवली. पावसाळ्यात वडोदऱ्याच्या दमट हवेत लॅकर मारला की त्यावर पांढुरका धुरकटपणा येतो, त्यामुळे स्प्रेचं सगळं काम पाऊस सरल्यावर.

आता नदी. सहा-सात मीटरचा बांध १/३५ला वीस सेंटिमीटरच्या आसपास भरतो. दोन्ही बांध, मधलं पाणी आणि उतार दाखवायचे तर पाट मीटरभराच्या पुढे जातो, आणि तेवढी जागा आमच्या घरात कुठेच नाही. म्हणून मी जवळचा बांध पूर्ण घेतला, बुलडोझरने खिंडार पाडलेला, आणि पलीकडचा फक्त पायथ्यापर्यंत. थर्माकोलचे थर एकावर एक, त्यावर प्लॅस्टर, त्यावर माती. माती विश्वामित्रीची. पूर ओसरल्यावर काठाला जो बारीक गाळ राहतो तो आणून वाळवला, कापडातून चाळला, ओव्हनमध्ये तापवून घेतला, म्हणजे पुढे बुरशी धरत नाही. रंग पिवळसर येतो. इटलीच्या त्या मैदानातल्या मातीचे फोटो जास्त करडे दिसतात, म्हणून त्यात राख आणि थोडा काळा रंगद्रव्याचा भुगा मिसळला. खिंडाराच्या कापलेल्या बाजूवर बुलडोझरच्या ब्लेडचे उभे ओरखडे काढले. काकांच्या सांगण्याप्रमाणे रॅम्पचं टोक जिथे बसतं तिथली माती तासून, खाचेत रुतवून ठेवली, आणि टोकापुढे माती थोडी वर ढकलली गेलेली दाखवली. खिंडाराच्या बाजूने सुरुंग काढलेल्या वाटेच्या खुणा म्हणून पांढरी फीत लावली. इन्फंट्रीने रात्रभर जे सोसलं त्याची एवढीच खूण या देखाव्यात आहे; मृतदेह किंवा रक्त मी कधीच दाखवत नाही.

पाण्यासाठी एपॉक्सी रेझिन. हल्ली घड्याळं आणि ट्रे बनवणाऱ्यांमुळे ते कुठल्याही मोठ्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. जाड थर एकदम ओतला तर आतल्या आत तापतो, तडकतो, खालचं प्लास्टिकही वाकवतो. तीन-चार मिलिमीटरचे थर, प्रत्येक थर पूर्ण सुकल्यावर पुढचा. खालच्या थरांत हिरवट-तपकिरी रंग जास्त, वर येता येता कमी. वाहनाच्या वरच्या प्रवाहाच्या बाजूला पाणी हलला अडून थोडं चढलेलं, खालच्या बाजूला खळगा. नदीत रणगाडा उभा राहिला म्हणजे नदीलाही वळसा घ्यावा लागतो, हे त्या चढ-उतारातून दिसलं पाहिजे. वरचे तरंग अॅक्रिलिक जेलने, ब्रशच्या टोकाने ओढून.

आर्कवरून चढणारा एक चर्चिल ठेवायचा का, यावर बराच विचार केला. ठेवला असता तर आर्क काय करतो हे पाहणाऱ्याला लगेच कळलं असतं. पण मग डोळा वरच्या रणगाड्यावर गेला असता, तोफेवर गेला असता, आणि खाली पाण्यात उभं असलेलं वाहन पुन्हा नजरेआड झालं असतं. म्हणून पूल रिकामा आहे. साखळ्यांवर मात्र ओला चिखल आहे, दोन्ही रॅम्पवर आहे, आणि तो एकाच दिशेने ओढलेला आहे. पहिला रणगाडा नुकताच गेला आहे, एवढं ज्याला बघायचं त्याने त्या चिखलात बघावं. रॅम्पच्या बाजूला एक सॅपर गुडघ्यावर बसून टोकाखालची माती पाहतो आहे. ती आकृती काकांच्या हट्टामुळे आली. “पहिली गाडी गेली की पुन्हा तपासायचं असतं,” ते म्हणाले, “दुसरी सोडायच्या आधी.”

पाटाच्या कडेला मराठीत पट्टी लावली आहे: चर्चिल आर्क मार्क २, इटालियन नमुना, सेनिओ नदी, १० एप्रिल १९४५. खाली जाधवांचं नाव आणि त्यांची पलटण. देखावा ९ तारखेचा नाही, तरी ते नाव तिथे असायलाच हवं असं मला वाटतं, कारण त्या काठावर आधी पायदळ पोहोचलं म्हणूनच आर्कला उतरायला जागा झाली.

काचेची पेटी सध्या सुताराकडे आहे. पुढचं काम ठरलं आहे. दरी खोल असेल तर इटलीत एका आर्कवर दुसरा आर्क चढवत, आणि मग वरच्याचे रॅम्प काठाला लागत. त्यासाठी दुसरा संच मागवला आहे. खालच्या आर्कच्या स्प्रिंगा वरच्याच्या वजनाने किती दबतील याचा हिशेब काकांनी कालच वहीच्या पाठकोऱ्या कागदावर मांडून दिला, आणि माझ्या ड्रॉइंगमधला कोन दोन अंशांनी कमी करायला सांगितला आहे.